दुसऱ्याचा कोड वाचण्याची विद्या

प्रोग्राम लिहायला आपण शिकवतो. लिहिलेला प्रोग्राम वाचायला मात्र ज्याचे त्याने शिकावे, असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात बँक, रेल्वे, विमा, वीजबिले यांचा कारभार सांभाळणारा प्रोग्राम एकदा लिहिला जातो आणि पुढे वर्षानुवर्षे दुसरीच माणसे तो वाचून त्यात बदल करत राहतात. मूळ लिहिणारा बहुधा केव्हाच निघून गेलेला असतो. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी अभियंत्यांचे रोजचे काम हेच आहे. ज्या कोडवर आपले पैसे आणि प्रवास अवलंबून आहेत, तो कोणी नीट वाचला आहे का, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा उरत नाही. हे वाचन सोपे करणारी काही साधने विद्यापीठांत तयार झाली. त्यांच्या आधारे, कोड तपासताना यंत्राने काय करावे आणि माणसाने काय करावे, याची मांडणी मी येथे करणार आहे.

कोडची शिस्तबद्ध तपासणी ही कल्पना जुनी आहे. आयबीएममधील मायकेल फेगन यांनी तिची रीत १९७६ साली लेखरूपाने मांडली. साधारण चार जणांनी कोडची प्रत घेऊन बसायचे, एकाने अर्थ सांगत जायचे, बाकीच्यांनी दोष शोधायचे. दुरुस्ती तिथल्या तिथे करायची नाही, फक्त नोंद करायची. कोड क्रमाने वाचत गेले की त्याचा अर्थ उलगडतो, हे या रीतीमागचे गृहीत होते. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने नेमका यालाच धक्का दिला.

ही पद्धत ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नायगार्ड यांच्या सिम्युला भाषेतून साठच्या दशकात पुढे आली. ती समजून घ्यायला बँकेचे उदाहरण पुरेसे आहे. ‘खाते’ हा एक क्लास, म्हणजे साचा. शिल्लक ही त्यातली माहिती; पैसे भरणे, काढणे, व्याज मोजणे या त्याच्या कृती, म्हणजे मेथड. तुमचे खाते, माझे खाते ही त्या साच्यातून निघालेली ऑब्जेक्ट्स. बचत खाते आणि मुदत ठेव हे ‘खाते’ क्लासचे वारसदार. दोघांची व्याज मोजण्याची रीत वेगळी. आता कोडमध्ये ‘या खात्याचे व्याज मोज’ एवढी एकच ओळ असते. तिच्यासमोर कोणते खाते येईल, हे प्रोग्राम चालू झाल्यावरच ठरते. लिहिणाऱ्याची यात मोठी सोय आहे, कारण उद्या नवी ठेव योजना आली तरी जुन्या ओळीला हात लावावा लागत नाही. वाचणाऱ्याची मात्र त्याच कारणाने पंचाईत होते. ओळ एका फायलीत आणि तिचा अर्थ दुसऱ्या चार फायलींत विखुरलेला, असे होऊन बसते.

ही पंचाईत विद्यार्थ्यांच्या पातळीवर सोडवण्याचा एक चांगला प्रयत्न म्हणजे ब्लूजे. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात मायकेल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी ते तयार केले आणि १९९९ मध्ये ते बाहेर आले. ब्लूजेमध्ये प्रकल्प उघडला की आधी कोड दिसत नाही. क्लासच्या चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण दिसतात. चौकटीवर क्लिक करून ऑब्जेक्ट बनवले की ते पडद्याच्या खालच्या पट्टीवर येऊन बसते. त्याच्या मेथड एकेक चालवून पाहता येतात आणि आत कोणती मूल्ये आहेत, हेही उघडून बघता येते. क्लास आणि ऑब्जेक्ट यांतला फरक फळ्यावर समजावताना दमछाक होते. इथे तो विद्यार्थ्याला स्वतःच्या हातांनी कळतो. पण हे साधन शिकणाऱ्यांसाठी आहे. हजारो चौकटी एकाच पडद्यावर मांडल्या, तर त्यांतून काहीच दिसणार नाही.

मोठ्या प्रोग्रामसाठी स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मूस’ या साधनावर काम सुरू झाले. मूस कोडमधून एक मॉडेल काढते: कोण कोणाचा वारसदार, कोणती मेथड कोणाला हाक मारते, कोणत्या माहितीला कोण हात लावते. या मॉडेलवर मिकेले लान्झा यांनी ‘कोडक्रॉलर’ उभारले. त्याच्या एका चित्रात प्रत्येक क्लास हा एक आयत असतो. रुंदी म्हणजे त्यातल्या माहितीच्या घटकांची संख्या, उंची म्हणजे मेथडची संख्या आणि रंगाचा गडदपणा म्हणजे ओळींची संख्या. सगळा कारभार एकट्याने ओढणारा क्लास त्यात उंच, काळा आणि एकटा उभा दिसतो. नुसती माहिती साठवणारा बसका आणि रुंद. पुढे लुगानोच्या विद्यापीठात रिचर्ड वेटेल यांनी ‘कोडसिटी’ तयार करून हेच चित्र शहराच्या रूपात मांडले. त्यात क्लास म्हणजे इमारती आणि पॅकेज म्हणजे पेठा.

अशा मोजमापांना शास्त्रीय पाया देणाऱ्या कामांत श्याम चिदंबर आणि ख्रिस केमेरर यांचा १९९४ चा निबंध महत्त्वाचा मानला जातो. त्यांनी सुचवलेली सहा मापे आजही वापरात आहेत. पण माप म्हणजे निकाल नव्हे. एखादी उंच इमारत दुसऱ्या प्रोग्रामने आपोआप लिहिलेला क्लास असू शकते. तो कोणी हाताने बदलतच नाही, त्यामुळे त्याच्या आकाराची काळजी करायचे कारण नसते. चित्र फक्त सांगते, ‘आधी इकडे बघा.’

तिसरे साधन थेट दोष शोधते. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात विल्यम प्यू आणि डेव्हिड होवेमेयर यांनी जावा भाषेसाठी ‘फाइंडबग्ज’ तयार केले. चुकांचे ठरावीक नमुने ओळखायचे आणि कोड न चालवताच ते शोधायचे, ही त्यांची साधी कल्पना. एक नमुना पाहा. जावामध्ये दोन मजकूर एकच आहेत का, हे दोन प्रकारे विचारता येते: ‘मजकूर तोच आहे का’ आणि ‘ऑब्जेक्ट तेच आहे का’. सातबाराच्या दोन प्रतींवरचा मजकूर तोच असतो, पण कागद दोन असतात. चुकून दुसरा प्रश्न विचारला, तरी चाचणीत उत्तर अनेकदा बरोबर येते, कारण कोडमध्येच लिहिलेला एकसारखा मजकूर जावा एकाच ठिकाणी ठेवते. ग्राहकाने टंकलेला मजकूर आला की मात्र उत्तर चुकते. अशी चूक डोळ्यांतून सहज निसटते. यंत्राच्या तावडीतून निसटत नाही. प्यू आणि होवेमेयर यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की जावाच्या मूळ ग्रंथालयात आणि एक्लिप्ससारख्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्येही अशा ढोबळ चुका शिल्लक होत्या. जाणकारांच्या हातूनही त्या होतात.

मे २००९ मध्ये गूगलच्या शेकडो अभियंत्यांनी फाइंडबग्जच्या हजारो सूचना तपासल्या. नथॅनियल आयेवा आणि प्यू यांनी त्यावर लिहिलेला निबंध मला विशेष प्रामाणिक वाटतो. बहुतेक सूचना दुरुस्तीयोग्य ठरल्या, पण चालू प्रणालीत गंभीर त्रास देणाऱ्या थोड्याच निघाल्या. त्रास देणाऱ्या चुका आधीच, अन्य मार्गांनी सापडून गेल्या असाव्यात. साधनाचा खरा लाभ, त्याच चुका लवकर आणि स्वस्तात सापडण्याचा आहे.

या साधनांना एक पक्की मर्यादाही आहे. हेन्री राइस यांचा १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला सिद्धांत सांगतो की प्रोग्रामच्या वर्तनाविषयीच्या कोणत्याही अर्थपूर्ण प्रश्नाचे, प्रत्येक प्रोग्रामसाठी अचूक उत्तर देणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही. म्हणून तपासणीचे साधन काही चुका सोडणार किंवा काही ठिकाणी विनाकारण ओरडणार. दुसरे असे की, बँकेला व्याज कसे मोजायचे होते, हे कोडमध्ये लिहिलेले नसते. चुकीचा नियम नीटनेटका लिहिला, तर या तिन्ही साधनांना तो निर्दोष दिसेल. नमुन्यातल्या चुका यंत्राकडे द्याव्यात आणि फेगन यांच्या बैठकीचा वेळ ‘हा कोड हवे तेच करतो का’ या प्रश्नासाठी राखावा, असे माझे मत आहे.

हा विषय आपल्याला परका नाही. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रात मॉडेलवरून कोड निर्माण करण्यावर आणि कोडच्या विश्लेषणावर दीर्घकाळ काम झाले आहे. मुंबईच्या आयआयटीतील उदय खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला डेटा फ्लो विश्लेषणावरचा ग्रंथ २००९ मध्ये आला. ब्लूजे, मूस आणि फाइंडबग्जचा वारस स्पॉटबग्ज ही साधने विनामूल्य मिळतात. पदवीच्या एका सत्रात विद्यार्थ्यांना नवा प्रोग्राम लिहायला न सांगता दुसऱ्याचा एखादा खुला प्रोग्राम द्यावा. त्याचे चित्र काढायला लावावे, यंत्राच्या सूचनांतली खरी कोणती आणि खोटी कोणती, हे कारणासह लिहायला लावावे आणि त्यालाच गुण द्यावेत. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे येणार आहे, तो दुसऱ्याचाच कोड.