गल्ले तीन, खतावणी एक

रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत कापड दुकानदाराच्या वर्षाचा हिशेब बऱ्याच अंशी ठरून जातो, हे मलकापुरात कोणाला सांगायला नको. त्या दिवसांत आपण हंगामी पोरे ठेवतो, एकाऐवजी दोन गल्ले मांडतो, तरी गर्दी आवरत नाही. आता हीच गर्दी दुकानाच्या संकेतस्थळावरही येऊ लागली आहे. मुलाने हौसेने संकेतस्थळ करून दिले, अकरा महिने ते बरे चालले आणि नेमके चाँदरातीला उघडेना, अशी तक्रार कानावर येते. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता काय होते ते प्रत्येक घराने पाहिलेले आहे. बोर्डाचा निकाल अलीकडे एकाच वेळी अनेक संकेतस्थळांवर दिला जातो, म्हणजे गर्दी वाटली जाते. दुकानाच्या संकेतस्थळाची गर्दीही अशी वाटता येते काय, हा आजचा विषय आहे.

मजकूर, छायाचित्रे, भाव आणि मालाची यादी सांभाळणाऱ्या ज्या मुक्त स्रोत प्रणाली आहेत त्यांत ड्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३) आणि जुमला (२००५) ही नावे प्रमुख होत. जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे एकट्या वर्डप्रेसवर चालतात. 'जुमला' हे नाव वाचून उर्दू शिकलेला माणूस थबकतोच. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ 'सर्व मिळून' असा आहे. तिकडे तो शब्द अरबीतून गेला आणि आपल्या हिशेबाच्या वहीतही अरबीतूनच आला. या प्रणालींना परवान्याचे शुल्क नाही, त्यांचा कोड वाचता व बदलता येतो आणि सेवा देणारा पटला नाही तर सारा पसारा उचलून दुसरीकडे नेता येतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची, असे आमचे मत आहे. मोठ्या ऑनलाइन बाजारात दुकान मांडले तर गिऱ्हाईक त्या बाजाराचे असते, आपल्या संकेतस्थळावर ते आपले असते.

मात्र या प्रणाली घडवल्या गेल्या त्या एकखांबी दुकानासाठी. प्रोग्राम, छायाचित्रे आणि हिशेब असे सारे एकाच सर्व्हरवर असणार, असे त्यांत गृहीत धरलेले आहे. म्हणून गर्दी वाढली की दुसरा सर्व्हर घेतला, असे सरळ होत नाही. अनेक लहान यंत्रे जोडून एक मोठे काम करण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक अनेक प्रोसेसर जोडूनच उभा केला. पण तिथे यंत्रे आधीपासून एकत्र काम करण्यासाठी घडवली होती. इथे एकट्याने राहायची सवय असलेल्याला एकत्र कुटुंबात आणायचे आहे.

आधी दारावर एक माणूस हवा. येणाऱ्या गिऱ्हाइकाला मोकळ्या गल्ल्याकडे पाठवायचे, एवढेच त्याचे काम. याला लोड बॅलन्सर म्हणतात. एचएप्रॉक्सी आणि एनजिनएक्स हे मुक्त प्रोग्राम ते काम चोख करतात. हे सोपे आहे. अडचण त्याच्या आत सुरू होते.

पहिली अडचण छायाचित्रांची. वर्डप्रेस नवे छायाचित्र आपल्याच फोल्डरात ठेवते. पहिल्या सर्व्हरवर चढवलेला साडीचा फोटो दुसऱ्या सर्व्हरला ठाऊकच नसतो, म्हणून निम्म्या गिऱ्हाइकांना साडी दिसते आणि निम्म्यांना कोरा चौकोन. उपाय म्हणजे सर्वांचे गोदाम एक करणे. आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे सरकारी संकेतस्थळ याचे जवळचे उदाहरण आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एस-थ्री-वास' या सेवेवर देशातील बहुतेक जिल्ह्यांची संकेतस्थळे चालतात, त्यांत आपलेही आहे. पानाचा मूळ कोड उघडून पाहिला तर वर्डप्रेसच्या फोल्डरांची नावे ओळखता येतात. छायाचित्रे आणि कागदपत्रे मात्र वेगळ्याच, सर्व जिल्ह्यांसाठी सामाईक अशा पत्त्यावरून येतात. पान कुणीही वाढो, माल एकाच गोदामातून निघतो.

प्रोग्रामचेही तसेच आहे. एका सर्व्हरवर बसून नवी आवृत्ती चढवली तर बाकीचे जुन्यावरच राहतात. तेव्हा व्यवस्थापकाच्या पानावरून अद्ययावत करण्याची सोय बंद ठेवावी आणि बदल एकाच ठिकाणाहून सर्वत्र एकदम पाठवावेत. वर्डप्रेसमध्ये गिऱ्हाइकाची ओळख पटवणाऱ्या गुप्त किल्ल्याही सर्व सर्व्हरांवर तंतोतंत सारख्या लागतात. त्या वेगळ्या असतील तर गिऱ्हाईक आत येते आणि पुढच्याच पानावर बाहेर फेकले जाते.

आता खतावणी, म्हणजे डेटाबेस. खरी कसोटी इथेच आहे. गल्ले तीन असले तरी लिहायची खतावणी एकच ठेवावी आणि वाचण्यासाठी तिच्या नकला काढाव्यात, ही प्रचलित रीत आहे. वर्डप्रेससाठी हायपरडीबी नावाचा मुक्त प्रोग्राम लिहिणे मूळ वहीकडे आणि वाचणे नकलांकडे पाठवतो. परंतु नक्कल मूळ वहीच्या क्षणभर मागे असू शकते. समजा, बुऱ्हाणपूरहून आलेल्या एका डिझाइनचा एकच तागा उरला आहे. तो पहिल्या गल्ल्यावर विकला गेला. नकलेत अजून तो शिल्लक दिसतो. दुसऱ्या गल्ल्याने नक्कल पाहून तोच तागा अकोल्याच्या गिऱ्हाइकाला विकला. दोघांचे पैसे जमा, माल एक, आणि तोही ईदच्या तोंडावर! म्हणून शिल्लक माल आणि पैशाचा व्यवहार नेहमी मूळ वहीतूनच तपासला जाईल अशी तजवीज हवी. नक्कल फक्त माल दाखवण्यापुरती.

दुसरी रीत म्हणजे प्रत्येक वहीत लिहिता येते आणि नोंद पक्की होण्याआधी सर्व वह्या आपसांत ताळा घेतात. मारियाडीबीचा गॅलेरा क्लस्टर असा चालतो. त्यात किमान तीन सर्व्हर ठेवतात, कारण दोनच असले आणि मधली तार तुटली तर बहुमत कुणाकडेच नसते आणि दोघेही काम थांबवतात. तिसरा पंच असला की दोघे एका बाजूला होऊन व्यवहार चालू राहतो. यात लिहिण्याचा वेग मात्र वाढत नाही, ताळ्याला वेळ लागतोच.

कॅशकडेही लक्ष असावे. वेग यावा म्हणून तयार पानाची प्रत जवळ ठेवतात, तीच कॅश. प्रत्येक सर्व्हरची कॅश वेगळी असेल तर भाव बदलल्यावर एकीकडे ४५० रुपये आणि दुसरीकडे ४८० रुपये दिसतात. दुकानात अशी घासाघीस आपण निभावून नेतो, संकेतस्थळावर गिऱ्हाईक काही न बोलता निघून जाते. रेडिससारखी सामाईक कॅश ठेवल्यास हे टळते. गिऱ्हाइकाच्या टोपलीचे पान कधीही कॅशमध्ये ठेवू नये.

इतके सांगून आमचे स्पष्ट मत असे की, मलकापूर, नांदुरा, खामगावच्या बहुतेक दुकानांना क्लस्टर लागतच नाही. आधी एकाच सर्व्हरवर कॅश नीट बसवावी. पुण्याच्या आरटीकॅम्प या कंपनीने केलेला एनजिनएक्स हेल्पर हा विनामूल्य प्रोग्राम, मजकूर बदलला की जुनी प्रत आपोआप काढून टाकतो. एवढ्याने न भागल्यास पुढचा विचार. शिवाय २०१६ पासून ॲमेझॉनचे मुंबईतील केंद्र सुरू आहे आणि तिथे सर्व्हर तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळतो. हंगामी पोरांप्रमाणे तो ईदपुरता ठेवून नंतर परत करता येतो. गोदाम आणि खतावणी आधीच वेगळी केलेली असेल तरच हे जमते.

सेवा देणारा क्लस्टरचे दरपत्रक घेऊन आला तर त्याला विचारावे: फोटो कुठे राहणार, शेवटचा तागा कोणत्या वहीत तपासला जाणार, भाव बदलल्यावर सगळीकडे किती वेळात दिसणार? प्रोग्राम फुकट असला तरी हे जुळवणाऱ्या माणसाची मजुरी फुकट नसते आणि ती देण्यात कुचराई करू नये. सौदा करण्यापूर्वी शाबानमधील एखाद्या निवांत दुपारी त्याला समोर बसवावे, तीनपैकी एक सर्व्हर बंद करायला सांगावा आणि आपल्या फोनवरून एक ओढणी मागवून पाहावी.