विश्लेषण : एका तारखेने ‘क्लाऊड’ कसा कोसळला? मुदतीच्या दिवशी पोर्टल का अडखळते?

पाचोरा : पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली की सेवा केंद्रांवर रांगा लागतात आणि ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द कानावर पडतात. २०२३ च्या खरिपात ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवली गेली. शेतकऱ्याला तो दिलासा होता. पोर्टल सांभाळणाऱ्यासाठी मात्र मुदतवाढ म्हणजे चालू यंत्रणेत ऐनवेळी तारीख बदलणे. हे काम दिसते तितके सोपे नाही. त्याचा सविस्तर दाखला मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केला आहे.

२९ फेब्रुवारी २०१२ ला काय घडले?

भारतात पहाटेचे साडेपाच वाजले होते, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार तारीख नुकतीच बदलली होती. कंपनीची ‘अझूर’ ही क्लाऊड सेवा प्रत्येक नव्या व्हर्च्युअल मशीनसाठी एक वर्ष मुदतीचे प्रमाणपत्र तयार करत असे. प्रोग्राम वर्षाच्या आकड्यात फक्त एक मिळवायचा. उत्तर आले २९ फेब्रुवारी २०१३. अशी तारीखच नाही! प्रमाणपत्र बनेना, मशीन सुरू होईना. २५ मिनिटांचे तीन प्रयत्न फसल्यावर यंत्रणेने सर्व्हरच बिघडल्याचे ठरवले आणि त्यावरील काम दुसऱ्या सर्व्हरवर हलवले. तिथेही तेच. बिघाड साथीसारखा पसरला.

चूक सुमारे अडीच तासांत सापडली. खरी फजिती पुढे झाली. सात क्लस्टरमध्ये दुसरे अपडेट आधीच अर्धवट चढलेले होते. तिथे टप्प्याटप्प्याची नेहमीची पद्धत सोडून दुरुस्ती एकदम सगळीकडे पाठवली. जुन्या-नव्या भागांचा मेळ बसला नाही आणि तोवर धडधाकट असलेल्या मशीनचेही नेटवर्क तुटले. कंपनीला संबंधित सेवांच्या महिन्याच्या बिलात ३३ टक्के सूट द्यावी लागली.

डिप्लॉयमेंट ऑटोमेशन म्हणजे काय?

नवा प्रोग्राम माणसाने हाताने सर्व्हरवर न चढवता, ठरलेल्या क्रमाने यंत्रणेने चढवणे. आधी चाचण्या, मग मोजक्या सर्व्हरवर, मग सगळीकडे. बिघडले तर लगेच मागची आवृत्ती परत. चाचणीत घड्याळ मुद्दाम २९ फेब्रुवारी, ३१ डिसेंबर, मध्यरात्र असे फिरवून पाहता येते. अर्थात नुसते ‘आपोआप’ असून भागत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राऊडस्ट्राइकचे सदोष अपडेट आपोआपच गेले, पण एकाच वेळी सगळीकडे. सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

आपल्या साडेपाच तासांचा घोळ

अनेक सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात. आपण साडेपाच तास पुढे. रूपांतर विसरले, तर १ जुलैला रात्री एक वाजता भरलेला अर्ज ३० जूनच्या नावावर पडतो आणि ३१ जुलैची मुदत १ ऑगस्टच्या पहाटे साडेपाचला संपते. म्हणून मुदतीची तारीख प्रोग्रामच्या पोटात न लिहिता वेगळ्या सेटिंगमध्ये ठेवतात; मुदतवाढ आली की एकच नोंद बदलायची, बाकी काही उघडायचे नाही.

पुढची २९ फेब्रुवारी २०२८ मध्ये. त्याहून मोठी तारीख १९ जानेवारी २०३८, मंगळवार : भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर, १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटमध्ये मोजणाऱ्या जुन्या यंत्रणांचे घड्याळ थेट १९०१ मध्ये उडी मारेल.