डिझेलचा परतावा म्हणजे काय?

आपल्या झाई बंदरातल्या बोटी डिझेलवर चालतात. डिझेलवर राज्य सरकारचा विक्रीकर असतो. त्याला आता व्हॅट म्हणतात. मच्छीमारांना हा कर सरकार परत देते. यालाच परतावा म्हणतात. पण आधी पूर्ण किंमत भरावी लागते. कराचे पैसे मागाहून मिळतात.

समजा, फेरीला 100 लिटर डिझेल लागले आणि लिटरमागे 15 रुपये कर असला, तर 1500 रुपये अडकले! परतावा लांबला की व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची. मग मासळीही त्यालाच, तो देईल त्या भावाने.

2022 च्या मार्चमध्ये घाऊक डिझेल लिटरमागे सुमारे 25 रुपयांनी महागले. मच्छीमार संस्थांचे पंपही त्यात धरले गेले. मग परताव्याचा काय उपयोग?

तुम्ही म्हणाल, हा तर बोटमालकाचा खर्च. पण तसे नाही. माझे काका खलाशी आहेत. त्यांच्या बोटीवर मासळीच्या पैशातून आधी डिझेल-बर्फ वजा होतो, उरेल त्याची वाटणी होते. म्हणजे सवलत गेली की खलाशाचाही वाटा घटतो. त्यात जून-जुलैत मासेमारी बंद.

म्हणून परतावा वेळेवर मिळाला पाहिजे. पालकांनो, डिझेलच्या पावत्या जपून ठेवा!

— इयत्ता 7 वी