पंपाचं काम कुठे द्यावं?

डिझेल ट्रकचा इंजेक्शन पंप उतरवला की तो साध्या गॅरेजमध्ये खोलू नये. त्याला टेस्ट बेंच असलेलंच दुकान लागतं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात इंजिनकामाची जुनी परंपरा आहे, त्यामुळे चौकशीची सुरुवात तिथून करणं सोयीचं.

पंपाच्या एलिमेंटमधला प्लंजर आणि बॅरल यांच्यात अवघ्या काही मायक्रॉनची फट असते. ही जोडी एकमेकांसाठीच घासून बसवलेली असते. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. म्हणून दुकानात आधी हात आणि टेबल पाहावं. सुटे भाग स्वच्छ डिझेलच्या ट्रेमध्ये, जोडीजोडीने ठेवलेले असतील तर कारागीर जाणता आहे. चिंधीने पुसणारा टाळावा, कारण कापसाचा एक धागाही पुरेसं नुकसान करतो.

खरी परीक्षा बेंचवर होते. सहा सिलिंडरच्या इनलाइन पंपात दर ६० अंशांनी एकेका लाइनला डिझेल सुटायला हवं आणि काचेच्या सहाही नळ्यांत ते जवळपास सारखं भरायला हवं. हे मोजमाप कंपनीच्या तक्त्याशी ताडून, आकडे लिहून देणारं दुकान निवडावं. गव्हर्नरची तपासणीही बेंचवरच होते. बदललेले जुने भाग परत मागावेत आणि नोझलही त्याच वेळी तपासून घ्यावेत. कॉमन रेलच्या पंपाला मात्र वेगळा, जास्त दाबाचा बेंच लागतो. तो आहे का, हे पंप सोपवण्याआधीच विचारावं.