धिंगरीचे 'बी'

कॉफीच्या चोथ्यावर धिंगरी अळंबी वाढते, हे आता सर्वश्रुत आहे. उकळत्या पाण्यामुळे चोथ्यातील जंतू बरेचसे मेलेले असतात. परंतु तो नत्रयुक्त असल्याने शिळा होताच त्यावर हिरवी बुरशी चढते. शिवाय चहाबाज खानदेशात असा चोथा मिळावयाचा कोठून? जळगावकडील केळीची वाळली पाने व धुळ्याकडील पऱ्हाट्या हेही धिंगरीचे अन्नच होय. त्यांचे बारीक तुकडे रात्रभर भिजवून, सुमारे ८०° सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवून, निथळून पिशव्यांत थराथराने भरतात. थरांमध्ये जे पेरतात त्यास 'बी' म्हणतात; वस्तुतः ते गव्हाच्या अथवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढविलेले जिवंत कवकजाल असते. या संज्ञेने घोटाळा होतो. बी म्हटले की ते कणगीतल्या धान्याप्रमाणे टिकेल असे वाटते, आणि चाळीस अंशांच्या वैशाखात ते मरून जाते. ते ताजेच वापरावे, आणि लागवड पावसाळ्यात वा हिवाळ्यात करावी. 'कुत्र्याची छत्री' हे तुच्छतादर्शक नाव मात्र उपकारकच म्हटले पाहिजे. रानातल्या अनोळखी जातींपासून ते माणसास दूर ठेवते. घरची धिंगरी टोपीची कड वर वळण्यापूर्वी तोडावी. उशीर झाल्यास बीजाणू उडून बंद खोलीत खोकला जडतो.