कोच मॅडम : मुलींसाठी मैदानातलं करिअर

2002 मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत भारताच्या महिला हॉकी संघाने यजमान इंग्लंडला 3-2 असे हरवून सुवर्णपदक जिंकले. ममता खरबच्या गोल्डन गोलने सामना संपला. या विजयावरून प्रेरणा घेऊन 2007 मध्ये ‘चक दे! इंडिया’ आला आणि शाहरुख खानने साकारलेला कोच कबीर खान घराघरात पोहोचला. तो कोच आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण त्या खऱ्याखुऱ्या संघातल्या मुलींचे पुढे काय झाले, हे किती जणांना माहीत आहे?

त्यांच्यातली एक मुलगी स्वतःच कोच झाली. तिचे नाव प्रीतम सिवाच.

गुरुग्रामजवळच्या झाडसा गावची ही मुलगी पुढे भारताची कर्णधार झाली. 1998 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. लग्न झाले, मूल झाले, तरीही ती मैदानावर परतली. खेळण्याचे दिवस सरत आले तेव्हा रेल्वेतली नोकरी सांभाळून निवांत राहणे सोपे होते. प्रीतमनी मात्र पती कुलदीप सिवाच यांच्या साथीने सोनीपतमध्ये मुलींना हॉकी शिकवायला सुरुवात केली. सोनीपत म्हणजे दिल्लीपासून साधारण 45 किलोमीटरवरचे, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातले औद्योगिक शहर. 2021 मध्ये राष्ट्रपती भवनात त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या हॉकीतल्या पहिल्या महिला प्रशिक्षक.

हॉकी स्टिकच्या आधीचं काम

सोनीपतच्या या मैदानावर येणाऱ्या बऱ्याच मुली कष्टकऱ्यांच्या घरातल्या. नेहा गोयलची आई सायकलच्या कारखान्यात चाकांना तारा बसवायची आणि मुलीही हातभार लावायच्या. निशा वारसीचे वडील शिंपी होते. 2015 मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि आईला कारखान्यात कामाला जावे लागले. अशा घरात मुलीच्या हातात हॉकी स्टिक देणे म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. बूट, स्टिक, दूध, प्रवास, सगळ्यालाच पैसे लागतात. वर शेजारीपाजारी विचारतात, ‘मुलगी आखूड कपड्यांत खेळते का?’

इथे कोचचे काम ड्रिबलिंग आणि पासिंगच्या कितीतरी आधी सुरू होते. आईवडिलांशी बोलायचे, मुलगी सुरक्षित राहील याची खात्री द्यायची, कोणाकडून तरी जुने बूट मिळवायचे. पाळी आली म्हणून सराव सोडू पाहणाऱ्या मुलीला आडवळणाने नाही, सरळ समजावायचे. दहावीनंतर स्थळे येऊ लागली की घरी जाऊन ‘अजून दोन वर्षे थांबा’ असे सांगायचे. मुलींच्या घरात थेट स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आईशी बोलणे एखाद्या बाईला जितके सहज जमते तितके पुरुष कोचला जमेलच असे नाही.

याचे फळ 2021 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसले. भारतीय महिला हॉकी संघाने उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला 1-0 असे हरवले आणि पहिल्यांदाच ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली. कांस्यपदकाच्या लढतीत ब्रिटनकडून 3-4 अशी हार पत्करावी लागली आणि संघ चौथा आला. त्या संघात नेहा आणि निशा दोघीही होत्या.

महाराष्ट्रातल्या दोघी

आपल्याकडेही अशा कोच आहेत. नाशिकच्या शैलजा जैन यांनी कबड्डीत आयुष्य घालवले आणि मग त्या इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. भाषा वेगळी, खाणेपिणे वेगळे, रीतिरिवाज वेगळे. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या इराण संघाने अंतिम सामन्यात चक्क भारतालाच 27-24 असे हरवले. सुवर्णपदक इराणला गेले, पण ते घडवणारे डोके मराठी होते.

दुसऱ्या दीपाली देशपांडे. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये नेमबाज म्हणून उतरलेल्या दीपाली पुढे प्रशिक्षक झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकले, तेव्हा त्याच्यामागे याच मॅडम होत्या. 2024 च्या द्रोणाचार्य पुरस्कारार्थींमध्ये त्यांचे नाव आहे. म्हणजे बाई फक्त मुलींनाच शिकवू शकते, हा समजही खरा नाही.

तरीही संख्या कमी का?

द्रोणाचार्य पुरस्कार 1985 मध्ये सुरू झाला. पहिल्याच वर्षी कुस्तीसाठी तो भालचंद्र भास्कर भागवत यांना मिळाला. क्रिकेटमधल्या महिला प्रशिक्षकाला तो मिळायला मात्र 2005 उजाडले. त्या होत्या दिल्लीच्या सुनीता शर्मा. आजही पुरस्काराच्या यादीत बायकांची नावे पटकन मोजून होतात.

कारणे आपल्या घरातलीच आहेत. सराव पहाटे आणि संध्याकाळी असतो, नेमका डबा आणि स्वयंपाकाच्या वेळेला. शिबिरे महिनोन्‌महिने चालतात. स्पर्धांसाठी गावोगाव फिरावे लागते. पुरुष कोच बाहेर असला की घर आपोआप चालते, बाई कोच बाहेर असली की ‘मुलांचं कोण बघतं?’ हा प्रश्न पहिला येतो. त्यात कंत्राटी नेमणूक असेल तर घरच्यांना ती नोकरीच वाटत नाही.

आणखी एक कारण अमेरिकेकडे पाहिल्यावर कळते. तिथे 1972 मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा आला आणि सरकारी मदत घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलींना खेळातही समान संधी देणे भाग पडले. मुलींचे संघ वाढले, त्यांच्यासाठी पैसा आला. मग गंमत झाली. कायद्याआधी मुलींच्या कॉलेज संघांपैकी 90 टक्क्यांहून अधिक संघांना महिला प्रशिक्षक होत्या, आज हे प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. पद पगाराचे झाले आणि पुरुष अर्जदार रांगेत आले.

याला एक मोठा अपवाद आहे, तो म्हणजे लॅक्रॉस. टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा आणि फेकायचा हा खेळ. तिथल्या कॉलेजांमध्ये मुलींच्या लॅक्रॉस संघांना आजही बहुतांश महिलाच शिकवतात. मुलींच्या लॅक्रॉसचे नियम मुलांच्या खेळापेक्षा बरेच वेगळे आहेत आणि तो खेळ पहिल्यापासून बायकांनीच चालवला. खेळाडू, मग सहायक कोच, मग मुख्य कोच अशी शिडी तयार होती. सिंडी टिमचल हे त्यातले मोठे नाव. त्यांच्या हाताखाली मेरीलँड विद्यापीठाच्या मुलींनी 1995 ते 2001 अशी सलग सात वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढे त्या नौदल अकादमीच्या संघाकडे गेल्या. ही चार दशकांची पूर्णवेळ, पगारी नोकरी!

हाच लॅक्रॉस 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळला जाणार आहे. क्रिकेटबरोबर त्यालाही प्रवेश देण्याचा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या मुंबईतल्या बैठकीत झाला. आपल्याकडे नवे खेळ येतील, पैसाही येईल. तेव्हा मुलींच्या संघांसाठी शिकलेल्या, अनुभवी महिला प्रशिक्षक तयार असतील का, हा खरा प्रश्न आहे. तयार नसतील तर अमेरिकेत जे झाले तेच इथेही होईल.

कोच व्हायचं तर वाट कोणती?

तुमची मुलगी, सून किंवा तुम्ही स्वतः खेळाडू असाल, तर हे पर्याय माहीत असू द्या.

• पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, म्हणजेच एनआयएस. 1961 पासून चालणाऱ्या या संस्थेचा एक वर्षाचा प्रशिक्षण डिप्लोमा देशभर मानला जातो. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. संसार किंवा नोकरी सांभाळून सुरुवात करायला तो बरा.

• बी.पी.एड. आणि एम.पी.एड. शाळा-कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचे असेल तर ही पदवी हवी. कॉलेजातल्या पदासाठी नेट परीक्षेचाही विचार करा. दिल्ली विद्यापीठाची विकासपुरीतली इंदिरा गांधी शारीरिक शिक्षण संस्था आणि ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था ही ओळखीची नावे.

• सहायक म्हणून सुरुवात. जवळच्या क्लबमध्ये, शाळेत किंवा अकादमीत लहान मुलींची तुकडी सांभाळा. शिकवता येते का आणि आवडते का, हे सहा महिन्यांत कळते. उत्तम खेळाडू उत्तम कोच होईलच असे नाही आणि उलटही खरे आहे.

• प्रथमोपचार, आहार आणि मुलांच्या सुरक्षेचे नियम शिकून घ्या. पालक आज हे विचारतात आणि विचारायलाच हवे.

• नेमणूक कायम आहे की कंत्राटी, प्रवासखर्च कोण देणार, बाळंतपणाची रजा आहे का, हे आधी लेखी विचारा. यात लाजण्यासारखे काही नाही.

घरच्यांनी काय करावं?

मुलगी चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी खेळणे थांबवते, तेव्हा बहुतेक घरांत ‘झालं आता, नोकरी बघ’ असे म्हटले जाते. पण दहा-बारा वर्षांच्या घामातून आलेले ज्ञान तिच्याकडे असते. ते कपाटातल्या ट्रॉफीबरोबर बंद करून ठेवायचे की पुढच्या मुलींना द्यायचे, याचा निर्णय तिच्या एकटीवर सोडू नका. पहाटेच्या सरावाला ती जाणार असेल तर चहा आणि डबा कोणी करायचा, हे आजच ठरवून टाका.

आणि तुमच्या मुलीला खेळात घालणार असाल, तर अकादमीत गेल्यावर फीबरोबर एवढे जरूर विचारा : ‘तुमच्याकडे महिला कोच आहेत का?’ पालक हे वारंवार विचारू लागले की अकादम्यांनाही कोच मॅडम शोधाव्याच लागतील.