अडकित्त्याची गोष्ट

सुटीच्या दिवशी संग्रहालयात आलेली मुले बहुधा दालनांतून धावतच पुढे जातात. काचेआडची वस्तू, तिच्याखालची दोन ओळींची पाटी, पुन्हा वस्तू, पुन्हा पाटी, असा हा प्रवास तासाभरात संपतो आणि घरी परतल्यावर तलवारीखेरीज फारसे काही स्मरणात उरत नाही. प्रदर्शनातील वस्तूंवर आधारलेल्या कथाकथनाच्या आणि चित्रकलेच्या कार्यशाळा या घाईला आवर घालतात. तेथे शंभर वस्तू दाखवायच्या नसतात. एकाच वस्तूसमोर मुलांना निवांत बसवायचे असते.

अशा उपक्रमाला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाइतकी अनुकूल जागा विरळाच. ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांनी गावोगाव हिंडून हा संग्रह जमवला आणि पुढे राज्य शासनाच्या स्वाधीन केला. २० हजारांहून अधिक वस्तूंच्या या संग्रहाचे खरे वैभव दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, वज्री अशा नित्याच्या वापरातील वस्तूंत आहे. संग्रहालयाच्या नावातील ‘राजा’ हा कोणी सिंहासनाधीश नव्हे. तो केळकरांचा अकाली निवर्तलेला मुलगा. मुलांना ही हकिकत आरंभीच सांगावी. आपल्याच वयाच्या कुणाच्या तरी आठवणीसाठी हे सारे जमले, हे कळले की दालनाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी पालटते.

कार्यशाळेचा प्रारंभ पाहण्याने होतो. समजा, समोर घोड्याच्या आकाराचा पितळी अडकित्ता आहे. पाटी वाचण्याआधी मुलांना विचारायचे: हे उघडते कुठून? धार कोठे आहे? सुपारी कातरण्याच्या साधनाला घोड्याचे रूप द्यावेसे कारागिराला का वाटले असेल? पान-सुपारीचे तबक ज्यांच्या घरातून केव्हाच गेले, त्या मुलांना हे कोडेच असते. येथे मार्गदर्शकाची कसोटी लागते. ‘मूठ झिजली आहे’ हे निरीक्षण. ‘ती पणजीने झिजवली’ ही कल्पना. दोन्ही हव्यात, पण त्यांची सरमिसळ होता कामा नये. अन्यथा प्रत्येक तलवार शिवाजी महाराजांची ठरते आणि गोष्टीच्या नावाखाली खोटा इतिहास मुलांच्या मनात घर करतो. म्हणून पाटी शेवटी वाचायची आणि आपण रचलेले कोठे जुळले, कोठे चुकले, हे मुलांनीच ताडून पाहायचे.

चित्र काढताना दालनात केवळ पेन्सिल असावी. रंगाचा वा शाईचा एक थेंबही जुन्या वस्तूला घातक ठरू शकतो. रंगकाम बाहेरच्या खोलीत करावे. हुबेहूब नक्कल हा हेतूच नसतो. अडकित्ता धरणारा हात, तो ठेवलेली ओसरी, अंधारात पेटलेला दिवा, असे काहीही चालते. मागे उभे राहून ‘कान वाकडा झाला’ म्हणणाऱ्या पालकांना मात्र दूर बसवणे श्रेयस्कर. कागदी पणत्या करून घेऊन त्याला संग्रहालय-कार्यशाळा म्हणण्याचा प्रकारही होतो. त्या पणत्या कोणत्याही शिबिरात होऊ शकतात.

चित्रावरून गोष्ट सांगणे महाराष्ट्राला नवे नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सुटे चित्र समोर धरायचे, वाद्यांच्या साथीने प्रसंग सांगायचा आणि पुढचे चित्र घ्यायचे, अशी तिची रीत. केळकर संग्रहातही चित्रकथी परंपरेतील चित्रे आहेत. कार्यशाळेत हीच रीत उपयोगी पडते: पाच मुलांनी पाच प्रसंग रंगवायचे आणि एकामागून एक उभे राहून गोष्ट पुरी करायची. लाजरे मूलही चित्राआड उभे राहून बोलू लागते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरत्या संग्रहालयाची बस सुरू केली आणि २०१९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. जेथे अशी बस पोहोचत नाही, तेथील शिक्षकांना घरोघरच्या माळ्यावर पडलेला कंदील, पायली किंवा अडकित्ता वर्गात आणता येईल. तेथे काच नसल्याने मुलांना तो हातातही घेता येईल; अडकित्त्याची धार तेवढी आधी बांधून ठेवावी.